थर नसलेल्या जमिनीचे चित्र

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण भागात, देवरी तालुक्यात, चिचगड आहे. भाताच्या बांध्या, मोहाचे आणि सागाचे जंगल, ‘मामा तलाव’ म्हणून ओळखले जाणारे माजी मालगुजारी तलाव आणि मधूनमधून उघडा पडलेला कठीण खडक असा हा मुलूख. महाराष्ट्राचा मोठा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याखाली झाकलेला आहे. तो काळा बेसाल्ट पूर्वेकडे नागपूरच्या आसपास संपतो. त्यामुळे चिचगडला मातीखाली लागतो तो थेट खंडाचा मूळ खडक. हा सगळा प्रदेश बस्तर क्रेटनच्या पश्चिम कडेला येतो. क्रेटन म्हणजे खंडाचा अतिप्राचीन, फार पूर्वी स्थिरावलेला तुकडा. जिल्ह्यातल्या आमगावचे नाव ‘आमगाव नाईस’ या खडकामुळे आणि शेजारच्या डोंगरगढचे नाव तिथल्या ग्रॅनाइटमुळे भूशास्त्राच्या पुस्तकांत गेले आहे. दरेकसाकडचे जुने ज्वालामुखी खडक ‘बिजली रायोलाइट’ म्हणून ओळखले जातात. यांतले बरेच खडक दोनशे कोटी वर्षांहून जुने आहेत.

एवढ्या काळात हा खडक वितळला, पुन्हा घट्ट झाला, दाबला गेला, दुमडला आणि असंख्य ठिकाणी तडकला. त्याच्या भेगांतून नवे वितळलेले खडक शिरले. वर जे दिसते ते हातोडी आणि भिंग घेऊन तपासता येते. पण पाच, वीस किंवा चाळीस किलोमीटर खाली काय आहे? छिद्र पाडून तिथवर जाता येत नाही. कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करण्यासाठी गोठणे येथे २०१७ मध्ये पुरे झालेले वैज्ञानिक छिद्र ३,०१४ मीटर खोल आहे आणि ते आपल्या देशातले मोठे काम मानले जाते. रशियातल्या कोला द्वीपकल्पावरचे जगप्रसिद्ध छिद्र सव्वाबारा किलोमीटरवर थांबले. मध्य भारतात पृथ्वीचे कवच मात्र चाळीस किलोमीटरहून जाड आहे. म्हणून खोलातली माहिती आणायला भूकंपलहरींशिवाय दुसरा तेवढा चांगला मार्ग नाही. त्यातही चिचगडसारख्या मुलखात सर्वांत मोलाच्या ठरतात त्या सरळ परतून न येणाऱ्या, वाटेत फुटून चहूकडे पांगलेल्या लहरी. बराच काळ त्यांना नुसता गोंगाट समजून बाजूला टाकले जात होते.

परावर्तनाची मर्यादा

लहरींनी जमिनीचा वेध घेण्याची रूढ पद्धत परावर्तनाची. पृष्ठभागावर लहान स्फोट करायचा किंवा जड यंत्राने जमीन हादरवायची, आणि खालच्या थरांवर आपटून परतलेल्या लहरी जिओफोन नावाच्या छोट्या उपकरणांनी टिपायच्या. लहर जाऊन यायला किती वेळ लागला यावरून थराची खोली कळते. जिथे गाळाचे खडक एकावर एक अंथरलेले असतात तिथे ही पद्धत फार उत्तम चालते. मुंबईच्या समुद्रात १९६०च्या दशकात अशीच सर्वेक्षणे झाली, तळाखालची मोठी घुमटाकार रचना लक्षात आली आणि १९७४ मध्ये ‘बॉम्बे हाय’ला तेल लागले.

या पद्धतीमागे एक गृहीत आहे. दोन खडकांमधली सीमा रुंद, बऱ्यापैकी सपाट आणि फार तिरपी नसलेली असावी लागते. तेव्हाच लहर नीट परतते आणि जिओफोनपर्यंत पोचते. चिचगडच्या खाली असे काही मिळण्याची शक्यता कमी. तिथे ग्रॅनाइटचे ओबडधोबड पिंड आहेत, जवळजवळ उभे राहिलेले पट्टे आहेत, क्वार्ट्झच्या शिरा आहेत, डोलेराइटच्या भिंतीसारख्या डाईक आहेत आणि भूभ्रंशांनी चुरडलेले पट्टे आहेत. उभ्या सीमेवरून परावर्तित झालेली लहर वर न येता दुसरीकडेच निघून जाते. खडबडीत सीमेवर ती फुटते. रूढ पद्धतीच्या नकाशावर असा भाग रिकामा किंवा धूसर दिसतो. तिथे खडक एकजिनसी आहे असा त्याचा अर्थ घेणे मोठी चूक ठरेल.

लहर फुटते म्हणजे काय होते

विखुरण समजायला या भागातला एखादा मामा तलाव डोळ्यांसमोर आणावा. पाण्यात जुन्या झाडांचे खुंट उभे आहेत आणि काठावरून कोणी दगड टाकला. वर्तुळाकार लहर पसरत जाते. ती प्रत्येक खुंटाला भिडते तेव्हा त्या खुंटाभोवती एक नवे, बारीक वर्तुळ सुरू होते. काठावर उभ्या माणसापर्यंत आधी मूळ लहर येते आणि तिच्या मागून या सगळ्या बारीक वर्तुळांची गर्दी. ती गर्दी गोंधळाची वाटली तरी प्रत्येक वर्तुळाला त्याचा खुंट ठाऊक असतो. किती उशिरा आणि कुठल्या दिशेने ते आले, यात खुंटाची जागा दडलेली असते.

खडकातही हेच घडते. कुठला अडथळा लहरीला फोडेल हे त्याच्या आकारमानावर आणि लहरीच्या लांबीवर ठरते. ग्रॅनाइटमध्ये प्राथमिक लहर सेकंदाला साधारण सहा किलोमीटर धावते. सेकंदाला तीस कंपने करणाऱ्या लहरीची लांबी त्यामुळे दोनशे मीटर होते. सेकंदाला एक कंपन करणाऱ्या भूकंपलहरीची लांबी सहा किलोमीटर. लांबीच्या मानाने अडथळा फारच छोटा असेल तर लहर त्याची विशेष दखल न घेता पुढे जाते. तो फार मोठा आणि सपाट असेल तर परावर्तन होते. दोघांचे माप जवळपास सारखे असेल तेव्हा विखुरण सर्वांत जोरकस होते. म्हणूनच निरनिराळ्या कंपनांच्या लहरी वापरल्या तर खडकातले निरनिराळ्या मापांचे वैविध्य चाचपता येते.

विखुरताना लहरीचा प्रकारही बदलू शकतो. दाब आणि प्रसरणाने पुढे सरकणारी प्राथमिक लहर अडथळ्यावर फुटून तिचा काही अंश आडव्या हेलकाव्यांच्या दुय्यम लहरीत उतरतो. दुय्यम लहर हळू चालते. त्यामुळे दोघींच्या पोचण्यातल्या अंतरावरून रूपांतर किती खोलीवर झाले याचा हिशेब लागतो.

गर्दीतून चित्र कसे निघते

समजा जमिनीखाली तीन किलोमीटरवर एकच ठळक अडथळा आहे. आपण त्याच्या बरोबर वर उभे राहून लहर पाठवली. जाऊन-येऊन सहा किलोमीटर, म्हणजे एक सेकंद लागेल. आता चार किलोमीटर बाजूला सरकून तोच प्रयोग केला. तिरके अंतर पाच किलोमीटर, जाऊन-येऊन दहा. वेळ सुमारे १.६७ सेकंद. आणखी लांब गेलो तर आणखी उशीर. सगळ्या ठिकाणच्या नोंदी शेजारी शेजारी मांडल्या की एका बिंदूपासून आलेला प्रतिसाद कागदावर खाली वळत जाणाऱ्या कमानीसारखा दिसतो. गणितात हा अतिपरवलय. कमानीचे शिखर अडथळ्याची जागा सांगते आणि तिचा पसरटपणा खडकातला वेग.

प्रत्यक्षात अशा हजारो कमानी एकमेकींत मिसळलेल्या असतात. त्या डोळ्यांनी सुट्या करता येत नाहीत. तेव्हा गणक उलट्या बाजूने जातो. जमिनीखालचा एकेक बिंदू घ्यायचा आणि ‘इथे अडथळा असता तर त्याची कमान नोंदींवर कुठे पडली असती’ हे काढायचे. मग त्या कमानीवरच्या सगळ्या नोंदींची बेरीज करायची. तिथे खरोखर अडथळा असेल तर कंपने एकाच तालात येतात आणि बेरीज वाढत जाते. नसेल तर वर-खाली होणारी कंपने एकमेकांना खोडतात. शंभर नोंदी जमवल्या तर खऱ्या प्रतिसादाची बेरीज शंभर पट होते. विस्कळीत गोंगाटाची मात्र सरासरी दहा पटच. या प्रक्रियेला मायग्रेशन म्हणतात. लहरींचे गणित थेट संगणकावर उलटे चालवून, नोंदवलेली कंपने पुन्हा जमिनीत उतरवण्याचे तंत्र स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जॉन क्लेअरबाऊट यांनी १९७०च्या दशकात घडवले आणि या क्षेत्राला नवी दिशा दिली.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत यात आणखी एक पाऊल पडले. परावर्तित लहरी जोरदार असतात आणि विखुरलेल्या मंद, त्यामुळे पहिल्या दुसऱ्यांना झाकून टाकतात. आता परावर्तन आधी गणिताने वेगळे काढून उरलेल्या मंद भागातून स्वतंत्र चित्र बनवता येते. भूभ्रंशाच्या कडा, भेगांचे जाळे आणि धातुकांचे छोटे पिंड अशा चित्रात उठून दिसतात. कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतात हाफमाईल लेक इथे १९९०च्या दशकात झालेल्या त्रिमितीय सर्वेक्षणात असाच एक ठळक विखुरलेला प्रतिसाद मिळाला. त्या जागी छिद्र घेतल्यावर एक किलोमीटरहून अधिक खोलीवर सल्फाइड धातुकाचा साठा लागला. तिथला मुलूखही आपल्यासारखाच कठीण, दुमडलेल्या खडकांचा.

गोंदियाच्या शेजारची रेघ

मध्य भारताच्या नकाशावर भूशास्त्रज्ञ एक लांबच लांब रेघ ओढतात. तिला ते ‘मध्य भारतीय सांधा’ म्हणतात. रेघेच्या उत्तरेला सातपुड्याचा चुरगळलेला पट्टा, दक्षिणेला बस्तर क्रेटन. ही रेघ बालाघाटच्या बाजूने, म्हणजे गोंदियाला खेटून जाते. तिच्यावरून हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने मध्य प्रदेशातल्या मुंगवानीपासून छत्तीसगडमधल्या राजनांदगावपर्यंत खोल वेध घेणारे सर्वेक्षण केले. देवरीवरून जाणारा नागपूर–रायपूर महामार्ग पुढे ज्या राजनांदगावात पोचतो, तेच या सर्वेक्षणाचे दक्षिणेकडचे टोक. नोंदींवर नव्या संगणकीय पद्धतींनी पुन्हा काम करून मल्ल, रेड्डी आणि मूनी यांनी २००८ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले.

त्यांना दिसलेले चित्र विलक्षण आहे. सांध्याच्या वायव्येकडची परावर्तने मुख्यतः दक्षिणेकडे झुकलेली आहेत आणि आग्नेयेकडची उत्तरेकडे. दोन बाजू एकमेकींकडे कलल्या आहेत. दोन छोटी खंडे मध्य-प्रोटेरोझोइक काळात, म्हणजे शंभर कोटी वर्षांहून अधिक पूर्वी, एकमेकांवर आदळली आणि सातपुड्याचा पट्टा बस्तर क्रेटनवर चढला, असा अर्थ त्यांनी लावला. कवचाचा तळ ४१ ते ४६ किलोमीटर खोलीवर तुटक तुटक दिसला.

पण या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाच्या गोष्टी दोन, आणि दोन्ही न दिसण्याबद्दलच्या. एक, नोंदींच्या पहिल्या दोन-अडीच सेकंदांत, म्हणजे वरच्या सहा-सात किलोमीटरांत, परावर्तने फारच थोडी मिळाली. दोन, ज्या सांध्यासाठी एवढा खटाटोप केला तो स्वतः धारदार सीमा म्हणून कुठेच दिसला नाही. संशोधकांनी याचे कारण वीस ते तीस किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यात कवच विस्कटलेले असणे हे दिले. दोन भूखंडे जिथे भिडली तिथला खडक इतका चुरडला गेला की तिथे परावर्तन होईल असा सलग पृष्ठभाग उरला नाही. परावर्तनाची पद्धत ज्या जागी गप्प होते, तीच जागा भूशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत घडामोडींची आहे. आणि विस्कटलेला खडक म्हणजे विखुरणारा खडक. तिथे परावर्तन शोधण्यापेक्षा विखुरलेल्या लहरी मोजणे अधिक फलदायी ठरेल, असे मला ठामपणे वाटते.

भूकंपानंतरची शेपटी

विखुरलेल्या लहरींना शास्त्रात प्रतिष्ठा मिळवून दिली ती केइती अकी या जपानी-अमेरिकी भूकंपतज्ज्ञाने. भूकंपालेखावर प्राथमिक, दुय्यम आणि पृष्ठलहरी येऊन गेल्यावरही बराच वेळ थरथर चालू राहते आणि हळूहळू विरते. या शेपटीला कोडा म्हणतात. १९६९ मध्ये अकी यांनी दाखवले की स्थानिक भूकंपांचा कोडा हा आसपासच्या खडकातल्या असंख्य अडथळ्यांवरून परतलेल्या लहरींचा बनलेला असतो. त्याचे विरणे एका प्रदेशात जवळपास सारखेच असते, मग भूकंप थोडा इकडे झालेला असो की तिकडे. म्हणून कोडा त्या प्रदेशाच्या खडकाची प्रकृती सांगतो. विरण्याच्या वेगावरून ‘क्यू’ नावाचा गुणांक काढतात. लहरींची ऊर्जा लवकर जिरत किंवा विखुरत असेल तर क्यू कमी, दीर्घकाळ टिकत असेल तर जास्त.

महाराष्ट्रात याचा सर्वाधिक अभ्यास कोयना परिसरात झाला. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे तिथे ६.३ प्रतीचा भूकंप झाला आणि तेव्हापासून लहान-मोठ्या हादऱ्यांची मालिका आजवर सुरू आहे. १९९८च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत तिथल्या कोडा लहरींचा क्यू कमी वारंवारतेला कमी आणि वारंवारतेबरोबर वेगाने वाढता आढळला. भेगाळलेल्या, अजून हालचाल चालू असलेल्या प्रदेशात असेच अपेक्षित असते. गोठण्याच्या छिद्रात सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्ट संपल्यावर जो ग्रॅनाइटी नाईस लागला, तो चिचगडच्या खडकांचा दूरचा नातलग म्हणावा असाच. तिथे तो लाव्ह्याखाली गाडलेला आहे, इथे उघड्यावर.

विखुरणाचे टोकाचे उदाहरण चंद्रावर मिळाले. नोव्हेंबर १९६९ मध्ये अपोलो १२च्या यानाचा वापरून झालेला भाग मुद्दाम चंद्रावर आदळवला, तेव्हा तिथे ठेवलेल्या भूकंपमापकाने जवळजवळ तासभर थरथर नोंदवली. चंद्राचे वरचे कवच उल्कापातांनी चुरडलेले आणि पूर्ण कोरडे आहे. लहरी त्यात पुनःपुन्हा विखुरतात, आणि पाणी नसल्याने त्यांची ऊर्जा फार सावकाश जिरते. पृथ्वीवर त्याच ताकदीचा धक्का काही मिनिटांत शांत झाला असता.

कोड्याचा आणखी एक उपयोग विस्मयकारक आहे. विखुरलेली लहर खडकात वेडीवाकडी फिरत खूप लांबचा प्रवास करते, म्हणून खडकातला अगदी सूक्ष्म बदलही तिच्या वेळापत्रकात साठत जातो. समजा खडकातला वेग हजारात एक भागाने घटला. दोन सेकंदांत पोचणारी सरळ लहर दोन सहस्रांश सेकंदांनी उशिरा येईल, तो फरक हातातून निसटेल. पण वीस सेकंद भटकलेल्या कोड्यात तोच उशीर वीस सहस्रांश होतो आणि सहज मोजता येतो. या तत्त्वावर कॅलिफोर्नियातल्या पार्कफील्ड इथे, २००४च्या भूकंपानंतर भूभ्रंशालगतच्या खडकातला वेग किंचित घटून मग काही वर्षे हळूहळू सावरत गेल्याचे पाहायला मिळाले. हा बदल मोजायला भूकंपलहरींचीही गरज पडली नाही. समुद्राच्या लाटांमुळे जमिनीत सतत चालू असलेली मंद थरथर पुरली.

दूरच्या भूकंपांचा उजेड

चिचगड परिसरात मोठे भूकंप होत नाहीत, ही समाधानाची गोष्ट. मग लहरी आणायच्या कुठून? त्या जपान, इंडोनेशिया आणि पॅसिफिकच्या कडेवरून आपोआप येतात. तिथला मोठा भूकंप झाला की त्याच्या लहरी पृथ्वीच्या कवचाखालच्या प्रावरणातून खोल वळसा घेऊन काही मिनिटांत गोंदियाच्या खालून वर येतात. वर येताना त्या कवचाच्या तळाशी, आतल्या भ्रंशांशी, बुडालेल्या जुन्या तुकड्यांशी भिडून विखुरतात. काही पृष्ठभागावर आपटून पुन्हा खाली जातात आणि दुसऱ्यांदा विखुरून परततात.

भूकंपमापकांची दाट ओळ मांडून या सगळ्या विखुरलेल्या लहरी एकत्र सोडवण्याची पद्धत मायकेल बॉस्टॉक, स्टेफान रोंडने आणि जेफ्री श्रॅगी यांनी २००१ मध्ये मांडली. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात १९९३–९४ मध्ये ठेवलेल्या उपकरणांच्या नोंदी त्यांनी वापरल्या. खंडाखाली सरकणारे समुद्री कवच त्यांत स्पष्ट उतरले. त्याच्या वरच्या प्रावरणात पाणी मुरून खडकाचे सर्पेंटाइन झाल्याच्या खुणाही दिसल्या. एवढ्या खोलवर पाणी कुठपर्यंत पोचले, हे एकही छिद्र न पाडता कळले.

बालाघाटपासून गोंदिया, आमगाव, देवरी, चिचगड अशी ओळ पुढे गडचिरोली जिल्ह्यातल्या कोरचीपर्यंत मांडली, तर ती सांधा ओलांडून क्रेटनच्या पोटात शिरते. काही किलोमीटरांवर एकेक भूकंपमापक, शाळेच्या आवारात किंवा ग्रामपंचायतीच्या मोकळ्या जागेत खड्डा घेऊन ठेवलेला, वर सौरपट्टी, आणि वर्ष-दीड वर्षाची चिकाटी. स्फोटाची गरज नाही, जंगल तोडावे लागत नाही, शेतात यंत्र घालावे लागत नाही. वन्यजीव आणि भातशेती असलेल्या या भागासाठी ही मोठी सोय आहे.

इथे हे का करावे

विखुरलेल्या लहरींचे चित्र सर्वज्ञ नसते. ते खडकांमधला फरक दाखवते. खडकाचे नाव सांगत नाही. एकाच नोंदीला खालच्या एकाहून अधिक रचना जुळू शकतात. वेगाचा अंदाज चुकला तर कमानी नीट मिटत नाहीत आणि अडथळा भलत्याच जागी दिसतो. दख्खनच्या बेसाल्टखाली हे तपासणे अवघड, कारण खरा खडक हाताला लागत नाही. चिचगडच्या मुलखाचे भाग्य असे की इथे तो उघडा आहे. चित्रात दिसलेला उभा पट्टा जमिनीपर्यंत आला असेल तर जाऊन पाहता येईल, नमुना घेता येईल, त्याचा वेग प्रयोगशाळेत मोजता येईल. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य विभागीय कार्यालय नागपुरात आहे आणि या भागाचे नकाशे पिढ्यान्‌पिढ्यांच्या पायपिटीतून तयार झालेले आहेत. लहरी आणि हातोडी यांचा मेळ घालायला याहून चांगली जागा महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही.

याचे व्यावहारिक फळही आहे. शेजारच्या बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडचे तांबे ग्रॅनाइटातच मिळाले, आणि भंडारा–बालाघाट पट्टा मँगनीजसाठी प्रसिद्ध आहे. वरवरचे साठे संपत जातील तसा शोध खोलात जाईल आणि तिथे विखुरण हाच मुख्य पुरावा असेल. कठीण खडकात पाणी भेगांतच साठते. एका बोअरला लागते आणि शेजारची कोरडी जाते, हा या भागातल्या शेतकऱ्याचा नेहमीचा अनुभव. पाण्यासाठी विद्युत रोधकतेची पद्धत आजही पहिली राहील, पण उथळ लहरींच्या विखुरणातून भेगांच्या पट्ट्यांचा माग काढून तिला जोड देता येईल. आणि २२ मे १९९७ रोजी जबलपूरला झालेला ५.८ प्रतीचा भूकंप सुमारे ३५ किलोमीटर खोलीवर, कवचाच्या तळाजवळ झाला होता, हे विसरता येणार नाही. जुने, थंड, स्थिर म्हणवले जाणारे कवच एवढ्या खोलवर का तुटते, हा मध्य भारतापुढचा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर सुबक थरांत सापडणार नाही. ते मोडलेल्या, चुरडलेल्या, पुन्हा सांधलेल्या खडकांत आहे, आणि त्या खडकांचे वर्णन लहरी आजही, दूर कुठेतरी जमीन हलली की, चिचगडच्या खालून घेऊन येतात. त्या नोंदवायला तिथे उपकरणे ठेवणे, एवढेच आपल्या हातात आहे आणि तेवढे आपण लवकर करायला हवे.